सतरावी

उंदरांना तांबडा रंग दिसत नाही.
म्हणून रात्रपाळीला मी तांबडा दिवा घेऊन जातो
आणि त्यांच्या लेखी काळोखच असतो.
पिंजऱ्यांच्या रांगेतून एक माणूस चालतो आहे,
पाणी बदलतो आहे, शेंगदाण्याएवढी पिल्लं मोजतो आहे,
हे त्यांना फक्त वासाने कळतं.

बोतुकातूला येऊन मला बावीस वर्षं झाली.
त्याआधी गोयासमध्ये, वारुळांच्या माळावर,
माझा भाऊ अदेमार
कुजलेल्या ओंडक्याखालून एक अळी काढून दाखवायचा.
आम्ही तिला आगगाडी म्हणायचो:
अंगभर हिरव्या खिडक्या
आणि तोंडाशी तांबडा कंदील.
पैसाकिड्याला तो कंदील दिसत नाही म्हणतात.
तो आपल्या चालीने चालत असतो,
आणि आगगाडी येते.

डॉक्टर इवोनीबाईंनी तो कंदील उचलला,
म्हणजे त्याची कृती उचलली,
आणि सतरावीला दिलेल्या गाठीच्या पेशींत लिहून ठेवली.
काजव्याचा हिरवा का नको, मी विचारलं होतं.
त्या काही बोलल्या नाहीत.
खिशातली बॅटरी काढून माझ्या बोटांखाली धरली.
बोटं पेटली. तांबडी.
बाकीचे रंग कुठे गेले?
"रक्ताने खाल्ले," त्या म्हणाल्या.
"तांबड्याला तेवढं सोडतं. घरचा म्हणून."

तर आठवड्यातून एकदा
तिच्या पोटात सुई, सुईत त्या कंदिलाचं तेल.
मग दहा मिनिटं. मग झोपेचा वायू.
मग ती पेटी, जिला केसाएवढी फट चालत नाही,
आणि पेटीच्या छताला बर्फाहून थंड डोळा,
पाच मिनिटं न मिटणारा.

पूर्वी आत काय चाललंय ते बघायला
दर आठवड्याला चार उंदीर उघडावे लागत.
मीच उघडायचो.
आता तीच सतरावी, पुन्हा पुन्हा, अख्खी.

स्क्रीनवर निळे, पिवळे, लाल डाग येतात.
ते रंग खोटे, संगणकाने भरलेले.
खरा उजेड इतका मंद
की अंधारात तासभर बसलं तरी दिसत नाही.
बसून पाहिलंय.

पहिल्या आठवड्यात फुप्फुसात मसुरीएवढा.
औषध सुरू. मग बाजरी. मग मोहरी.
सहाव्या आठवड्यात काहीच नाही.
कोरी, काळी उंदरीण.
रेनान खुर्चीवरून उठून नाचला.
कुणीतरी चीजचे गरम पाव आणले.
बाईंनी चष्मा पुसला, लावला, पुन्हा पुसला.

मी हात धुवत होतो.
सुई टोचताना ती वळवळली होती.
तेल पोकळीत न जाता आतड्यात गेलं असावं.
बोटांना ते कळतं,
कागदावर त्यासाठी रकाना नाही.
हात पुसायला मला फार वेळ लागला.

सांगितलं.
रेनानच्या हातातला पाव हातातच राहिला.
बाई म्हणाल्या, "उद्या पुन्हा."
आणि सुयांचा ट्रे
माझ्याचकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी, उजवीकडे, फासळ्यांच्या मागे
होती. मोहरी.

आज रात्री दिवा घेऊन आलो तर
सतरावी सूर्यफुलाची बी सोलत बसली होती,
दोन्ही हातांत धरून, कसलीच घाई नसल्यासारखी.
माझा तांबडा तिच्या पाठीवर,
तिचा आत, तेलाची वाट बघत.
तिला यातलं काहीच दिसत नव्हतं.

अळी परत ठेवून झाली की अदेमार
ओंडका एकदम सोडायचा नाही.
आधी एक कड टेकवायचा, मग दुसरी,
मग बोटं काढून घ्यायचा.
झाकण मी तसं लावलं.